कुंचीवरचा उ

दुपारची झोप म्हणजे झोपच नव्हे, असं आई म्हणते. नुसता डोळा लागतो. माझाही तसाच लागतोय. कुशीत चिमी दूध पिता पिता चोखायचं विसरतेय, मग दचकून तिला पुन्हा आठवतंय. स्वयंपाकघरात घुगऱ्यांचे हरभरे शिजताहेत. कुकरची शिट्टी होते आणि गल्लीच्या टोकाला निघून जाते. उशीपाशी जांभळ्या सॅटिनची कुंची पडलीय. संध्याकाळी चिमीचं बारसं आहे, तेव्हा ही घालायची. कुंचीच्या पाठीवर रुपेरी दोऱ्याने मी नाव भरायला घेतलंय, पण अजून पहिलंच अक्षर झालंय. उ. सुई तिथेच टोचून ठेवलीय. बाळाजवळ सुई ठेवू नये, मला कळतं. उठून डबीत टाकायला हवी. उठतेय. उठलेच की मी.

पायाशी कुणीतरी बसलंय.

"काय गं हा टाका?" ती विचारते. "उ आहे का कुत्र्याचं शेपूट?"

उल्का. दातांत दोरा धरून बोलायची तिची जुनी सवय. कराडच्या हॉस्टेलवर आम्ही एका खोलीत राहायचो. परवाच्या उन्हाळ्यात ती गेली, रक्ताच्या कॅन्सरने. हे मला आत्ताही, या झोपेतही, पक्कं ठाऊक आहे. म्हणून मी दचकत नाही. फक्त हळू बोलते, चिमी उठेल म्हणून.

"आधी ती सुई उचल."

"उचलली." आणि खरंच, सुई तिच्या कॉलरला खोवलेली आहे, नेहमीसारखी. ती कुंची उलटीपालटी करून बघते. "माझा केप कापलास?"

"काकूंनीच दिला. म्हणाल्या, बाळाला काहीतरी कर याचं."

"बरं झालं. नाहीतर आई त्याची मिक्सरवर घालायची खोळ करणार होती, मला माहितेय. चल."

"कुठे? बाळ आहे माझ्याजवळ."

"घे की तिला. तिला काय तिकीट लागतंय?"

मी चिमीला खांद्यावर घेते आणि आम्ही हॉस्टेलच्या गच्चीवर आहोत. पाण्याच्या काळ्या टाक्या एकामागे एक, जिथवर नजर जाते तिथवर. टाक्यांच्या मधून रस्ते गेलेत, रस्त्यांवर दिवे आहेत. म्हणजे ही आमची गच्चीही आहे आणि ते गावही आहे, मालिकेतलं.

मालिकेचं सांगते. ती जपानी होती, ॲनिमेची, आणि तिचं मूळ नाव आम्हाला कधीच धड उच्चारता आलं नाही. आम्ही तिला 'कंदीलवाल्या' म्हणायचो. एका मोबाइलवर, एकेक इअरफोन वाटून घेऊन बघायचो. पहिल्या भागात वाटतं, छान आहे, मुली आहेत, केप आहेत, जादू आहे, गुलाबी आकाश आहे. मग कळतं की एक बगळा गावातल्या मुली निवडतो. प्रत्येकीला कंदील देतो आणि धुक्यातून येणाऱ्या सावल्यांशी लढायला पाठवतो. कंदिलात तेल नसतं, मुलीचं आयुष्यच जळत असतं. एक मुलगी विझली की बगळा दुसरी आणतो. आणि त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट ही की नवीन मुलीला गेलेलीचाच केप मिळतो आणि गेलेलीचंच नाव. कोणी गेलंय हे गावाला कळतच नाही. हाक मारली की कुणीतरी ओ देतंच.

"आठवतं, पहिल्यांदा कळलं तेव्हा तू किती रडलीस?" उल्का म्हणते.

"तू रडलीस. मी चहा आणायला गेले होते."

"चहात रडून आलीस. खारट होता."

टाकीच्या कडेवर बसून आम्ही हसतो. चिमीही खांद्यावर कुठल्याशा सुरात हुं हुं करते. उल्का तिच्याकडे वळून बघते, अगदी जवळून, नाकाला नाक लावल्यासारखं.

"हिला भुवया कुठायत?"

"येतील."

"नाही आल्या तर पेनाने काढ. मी नव्हत्या काढल्या?"

तर आता आम्ही त्या वॉर्डात आहोत, जिथे तिने पेनाने भुवया काढल्या होत्या. मधे दार नाही, जिना नाही. टाक्यांच्या जागी खाटा आहेत. सलाइनच्या प्रत्येक दांडीवर बाटलीऐवजी एक कंदील टांगलाय, आणि त्यातून उजेड थेंबथेंब गळतोय. उल्का खाटेवर मांडी घालून बसलीय, हॉस्पिटलच्या हिरव्या कपड्यांवर जांभळा केप. तो तिने पुण्यातल्या चाहत्यांच्या मेळाव्यासाठी शिवला होता. मेळावा हुकला, मग ती तो इथेच घालायची. सिस्टर म्हणायच्या, महाराणी, हात पुढे करा. ही खरोखर महाराणीसारखा हात पुढे करायची.

भिंतीवर फलक आहे. आमच्या कॉलेजच्या गेटवर लावला होता तोच, तिचा फोटो, फुलं, आणि खाली ओळ: कर्करोगाशी झुंज अखेर हरली.

"हे कुणी लिहिलं गं?" ती विचारते.

"स्टुडंट कौन्सिलने."

"झुंज कुणी मांडली होती? मी मालिका बघत होते. इंजेक्शन घेत होते, बघत होते, तुझ्या डब्यातले पोहे खात होते. हरली म्हणे! काय रेस होती का?"

"मी फाडला तो. दुसऱ्या दिवशी."

"शाब्बास," ती म्हणते, आणि मला इतकं बरं वाटतं की छातीत दूध दाटून येतं. चिमी लगेच तोंड वळवते. मी तिला पदराखाली घेते. वॉर्डात कुणाचं काही म्हणणं नाही.

शेवटचा भाग आम्ही दोघींनी याच खाटेवर बघितला होता. सगळ्या कंदीलवाल्या संपतात, एक उरते. आखूड केसांची, सगळ्यांत भित्री. ती काय करते? कंदील नदीत सोडते, केप घडी करून काठावर ठेवते आणि घरी जाते. जगभरच्या चाहत्यांनी तिला शिव्या घातल्या, पळपुटी म्हणाले. उल्काला तीच आवडायची. मुलगी दारात उभी राहते आणि तिची आई तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारते, बगळ्याने बदलण्याआधीच्या. पण आपल्याला ते ऐकू येत नाही. नेमका तेवढाच आवाज बंद केलाय. फक्त आईचे ओठ हलताना दिसतात, मग भाताची वाफ, आणि मालिका संपते.

"आता खरं बोल," उल्का म्हणते. "संध्याकाळी काय नाव ठेवणारेस?"

"तुला माहितेय."

"तुझ्या तोंडून ऐकू दे."

"उल्का." मी ठणकावून सांगते. मला यात काही लपवायचं नाही. नवऱ्याला पटवलंय, सासूबाईंनाही. आई म्हणाली, गेलेल्या पोरीचं नाव कशाला गं? तिलाही मी गप्प केलंय. काकूंना, म्हणजे उल्काच्या आईला, मुद्दाम सांगितलं नाही. त्या संध्याकाळी येतील, पाळण्याशी उभ्या राहतील, आणि अचानक ऐकतील. हे सगळं मी मनात कितीदा तरी घडवून पाहिलंय.

"छान," उल्का म्हणते. "मग चल, घेऊ उरकून."

आणि पाळणा आहे. आमच्याच हॉलमध्ये बांधलेला, झेंडूच्या माळा, खाली घुगऱ्यांचं पातेलं. पण छत नाही, वर धुकं आहे. बायका पाळण्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहून बाळाला खालून वरून एकमेकींच्या हातात देताहेत, रीतीप्रमाणे. नीट बघते तर त्यांच्या हातात चिमी नाहीच. कंदील आहे. एकीकडून दुसरीकडे, खालून वर, वरून खाली. चिमी माझ्याकडेच आहे. मी तिला घट्ट धरते.

कानात नाव सांगायचा मान आत्याचा. माझ्या नणंदेच्या, वृषालीताईंच्या जागी काठाची साडी नेसून जी उभी आहे तिची मान फार लांब आहे. ती वाकते. पांढरी, शांत, मऊ आवाजाची.

"द्या बाळाला," बगळा म्हणतो. "नाव तयार आहे. केपही तयार आहे. अगदी मापाचा केलात तुम्ही."

मी कुंचीकडे बघते. केपचं कापड. त्याच्यावर उ.

मी मागे सरत नाही. "हे तसं नाहीये," मी म्हणते. "मी प्रेमाने ठेवतेय."

"प्रेमानेच ठेवतात," बगळा म्हणतो.

"तू गप रे," उल्का त्याला म्हणते आणि माझ्यासमोर येऊन उभी राहते. "ऋजे, इकडे बघ. का ठेवायचंय तुला माझं नाव?"

"कारण मला ते तोंडात हवंय! रोज. उल्का जेवायला चल, उल्का चप्पल घाल, उल्का किती पसारा केलायस. घरात कुणी तुझं नावच घेत नाही गं. सगळे 'ती तुझी मैत्रीण' म्हणतात. आवाज खाली करून."

"मग मला हाक मार की. मोठ्याने मार. माझ्या वाटची ओ हिने का द्यायची?"

मी चिमीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेते.

"आणि आई माझी," ती पुढे म्हणते, आता हळू. "तुमच्या दारावरून रोज मंडईत जाते ती. आतून कुणी उल्का म्हणून ओरडलं की मान वळेल तिची. दरवेळी वळेल. आणि दरवेळी दुसरंच कुणीतरी धावत येईल. तिला भेट देतेयस का शिक्षा?"

बायका थांबल्यात. कंदील कुणाच्या तरी हातात अर्ध्यात लटकतोय.

"मी नाहीये, ऋजे. नाहीये ते दिसू दे. माझ्या जागेवर कुणाला बसवू नकोस, एवढीशी आहे ती. भुवया पण नाहीत तिला."

मी चिमीकडे बघते. ती माझ्याकडे बघतेय, अजून कुणीच नसल्यासारखी आणि तरी पूर्ण. प्रसूतीच्या वेळी रक्त थांबत नव्हतं, सगळे धावत होते, तेव्हा मी एवढंच म्हणत होते की मला घरी जायचंय. लढत वगैरे नव्हते. घरी जायचं होतं, हिला घेऊन, भात खायचा होता. ते उल्काला सांगायला तोंड उघडते, तर ती मान हलवते. माहितेय.

"बघितलं मी," ती म्हणते. "पळपुटी माझी."

"उसव मग," मी म्हणते.

"मी?"

"तुझं नाव आहे. आणि माझ्यापेक्षा तुझा हात बरा."

ती कॉलरची सुई काढते. बगळा काहीतरी बोलायला चोच उघडतो, इतक्यात बायका रीतीप्रमाणे आत्याच्या पाठीत धपाटे घालायला लागतात, धपाधप, जरा जास्तच जोरात, आणि पांढरी पिसं उडतात. कुकरची शिट्टी होते. उल्का मान खाली घालून टाका टाका सोडवतेय. दोरा दाताने तोडते. "तिचं नाव मला सांगू नकोस," ती म्हणते, "आधी तिच्या—"

शिट्टी.

खोली. पंखा. हरभऱ्यांचा वास. उशी ओली झालीय, दुधाने. चिमी जागी आहे आणि आढ्याकडे बघत स्वतःशीच हुं हुं करतेय. आई दारातून विचारते, "उठलीस का गं? पाळण्याला माळा कुणी बांधायच्या?"

"आलेच," मी म्हणते, आणि कुंची उचलते.

उ नाहीये.

सुई माझ्या गाऊनच्या कॉलरला खोवलेली आहे. मी कधीच सुई तिथे लावत नाही. रुपेरी दोरा चिमीच्या मुठीत आहे, मूठ उघडून काढावा लागतो. टोक कात्रीने कापल्यासारखं सरळ नाही, चावून तोडल्यासारखं पिंजलंय. मीच अर्धवट झोपेत केलं असेल, असं म्हणायचं तर म्हणा. मी वाद घालणार नाही.

सॅटिन मात्र विसरत नाही. सुई एकदा गेली की भोक राहतंच, इस्त्री केली तरी. मी कुंची खिडकीशी धरते. उन्हात भोकं पेटतात, बारीक बारीक, आणि जांभळ्यावर नुसत्या उजेडाचा उ दिसतो. कुत्र्याच्या शेपटासारखा. त्याच्यावर आता काहीही भरणार नाही. संध्याकाळी काकू आल्या की त्यांना खिडकीपाशी नेणार आणि हा दाखवणार. आणि उल्का, उल्का, असं भरपूर बोलणार, आवाज खाली न करता.

वृषालीताईंना फोन लावला. "नाव बदललंय," म्हटलं.

"अगंबाई, आत्ता? मी पाटी रंगवून घेतलीय! काय ठेवलंस मग?"

सांगितलं. पलीकडे त्या एकदा हळूच म्हणून बघतात, जिभेवर ठेवून. मग म्हणतात, "छान आहे गं. कुणाचं आहे?"

"कुणाचं नाही," मी म्हणते. "तिचंच."

ते नाव इथे लिहीत नाही. चिमी अजून आढ्याकडेच बघतेय, आणि तिच्या कानात ते अजून पडायचंय.