घंटाभर जास्त

लातूरला वेळेच्या नियोजनावर भाषण द्यायला निघालो होतो आणि नांदेडातच माझी जलद गाडी चुकली. मग प्रत्येक फाट्यावर थांबणाऱ्या साध्या एसटीत बसलो. शेजारच्या धोतरवाल्या म्हाताऱ्याने मात्र जलद गाडी मुद्दाम सोडली होती. माहेरपण संपलेल्या लेकीला तो लातूरला सासरी सोडायला निघाला होता.

"आठ दिस राहिली, साहेब. आली अन् गेली, कळलंच न्हाई. या गाडीनं घंटाभर जास्त मिळतो."

लोहा गाव यायच्या आधीच लेक त्याच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. म्हातारा ताठ बसून राहिला. नाकावरची माशीसुद्धा त्याने हाकलली नाही.

"ती तर झोपली. घंटा वायाच गेला की," मी म्हणालो.

"वाया कसा? म्या जागाच हाय की."

यावर माझ्या भाषणात काही नव्हतं.

लातूर आलं तेव्हा गाडीला पाऊण तास उशीर झाला होता. मी चरफडत उठलो. म्हाताऱ्याने सगळ्यांना पुढे जाऊ दिलं, मग लेकीला हलवलं आणि कंडक्टरवर डाफरला, "लई पळवली राव गाडी आज!"

कंडक्टरने गोंधळून माझ्याकडे पाहिलं. मी मनगटावरच्या घड्याळावर शर्टाची बाही ओढून घेतली.