चावीवाल्याच्या पुढं दहा पावलं

अर्धी चढण संपते तिथं एक सपाट कातळ आहे. राहीबाई त्यावर टेकल्या, पदरानं मान पुसली आणि म्हणाल्या, "बाई, महादूनं कुत्रं अंगावर सोडलं तर तुम्ही मागं व्हा. चावायचं ते मला चावू दे."

"एवढं काय केलंय तुम्ही त्याचं?"

"सांगते. त्याच्यासाठीच बसले. चालताना बोलायला दम पुरत नाय."

हे १९८३ सालातलं, माघ महिन्यातलं. मी मूळची महाडची. पोलादपूर तालुक्यातल्या या गावात शाळेवर नेमणूक झाली तेव्हा राहण्याजोगी एकच खोली मिळाली, ती राहीबाईंच्या पडवीतली. त्यांचे यजमान काशीराम आदल्या वर्षी वारले होते. मुलगी लग्न होऊन मुंबईला. त्यामुळे घरात त्या आणि मी. त्या दिवशी रविवार होता. सकाळीच म्हणाल्या, "वरच्या वाडीला चला माझ्याबरोबर. मी एकटी गेले तर वाटंवरचा माणूसन् माणूस विचारंल, राहीबाय कुठं चालली. तुम्ही असलात की म्हनतील, बाई पटावरची पोरं बघाया चालल्या, म्हातारी वाट दाखवते."

महादू वरच्या वाडीचा. त्याला गावात चावीचोर म्हणत. मला वाटायचं, कुणाच्या तरी कपाटाची चावी असेल. त्या वर्षी मात्र ते नाव फार वर आलं होतं, कारण शिमग्याला देवीची पालखी घरोघर फिरते, ती उचलण्याची पाळी त्या साली वरच्या वाडीची होती, आणि उचलणाऱ्या चार घरांत महादूचं घर होतं. पौषातल्या बैठकीत खालच्या आळीचा दत्ताराम उभा राहिला आणि म्हणाला, चोराच्या खांद्यावर देवी बसवायची नाही. गावकीनं निकाल होळीच्या आदल्या बैठकीवर ठेवला. महादू त्या दिवशी बैठकीतून उठून गेला, एवढं मी ऐकलं होतं.

कातळावर बसून राहीबाई म्हणाल्या, "त्यानं नाय चोरली चावी. मला ठाव हाय. मला सोळा वर्सं ठाव हाय."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. त्या गाडीचं आणि तिथल्या स्टेशनांचं नाव मी मुद्दाम घालत नाही. त्या वेळची माणसं अजून आहेत.

काशीराम रेल्वेत चावीवाले होते. डोंगर चढत जाणारी एक छोटी गाडी होती, हवा खायला जाणाऱ्या लोकांची. रूळ हातभर अंतरावर, डबे खेळण्यासारखे, आणि चाल इतकी धिमी की तरणी पोरं वळणावर उतरून करवंदं तोडून परत चढायची. रूळ खालच्या आडव्या लाकडी स्लिपाटावर घट्ट बसावा म्हणून त्याच्या कडेला लोखंडी पाचर मारलेली असते, तिलाच चावी म्हणतात. चावीवाल्यानं रोज पहाटे हातोडा घेऊन आपला पट्टा चालायचा. जाताना एका रुळाच्या चाव्यांवर ठोका मारायचा, येताना दुसऱ्या. घट्ट चावी खणकन वाजते, ढिली चावी बद्द वाजते. ढिली असेल तिथं आणखी दोन घाव घालायचे. काम एवढंच, पण एकही दिवस चुकवायचं नाही.

त्यांना राहायला मिळाली ती पंपाची खोली. पूर्वी इंजिनाला पाणी भरायला तिथं पंप होता. तो बंद झाला, यंत्र काढून नेलं आणि खोली चावीवाल्याला दिली.

"यंत्र नेलं, पन त्याचा सिमेटाचा ओटा राहिला," राहीबाई सांगत होत्या. "खोलीच्या मधोमध! चार बोल्ट वर आलेले. मी त्याच्यावरच चूल मांडली. बोल्टांच्या मधी तवा असा बसायचा, जसा काय साहेबानं माझ्यासाठीच बनवला. जमीन मात्र तेल पेलेली. किती सारवा, चार दिवसांत सारवन सुटून यायचं. माझी सासू एकदा आली, म्हनाली, राहे, तुझं घर अंग धरत नाय."

भिंतीत नळ जाण्याचं गोल भोक होतं. त्यातून सकाळी ऊन यायचं, आणि देवाची तसबीर त्यांनी बरोबर त्या उन्हात टांगली होती. दारापासून रूळ दोन हातांवर. गाडी आली की मांडणीवरची भांडी थरथरायची आणि खिडकीतले लोक सरळ चुलीत बघायचे. कुणी फोटो काढायचे. कुणाला वाटायचं हे चहाचं दुकान आहे. एकदा एका पारशिणीनं डब्यातूनच विचारलं, "बाई, काय पकवते?" राहीबाई म्हणाल्या, "कुळथाचं पिठलं, उतरा." ती खरंच उतरली. वाटीभर पिठलं खाऊन पुढच्या वळणावर गाडी गाठली.

"तुम्हाला आवडायचं तिथं?" मी विचारलं.

"आवडायला काय. लोक लांबून डोंगर बघाया यायचे. मी त्याच डोंगरात शेनी थापायची. पावसात मात्र बरं वाटायचं. चार महिने गाडी बंद. पोरगी गावी सासूपाशी, मग आम्ही दोघं आनि धुकं. आपल्याकडंसारखंच. कशेडीला असतं ना, तसंच."

त्याच पावसांत दरडी यायच्या, आणि मोठे धोंडे फोडायला सुरुंग लावायचे. सुरुंगाच्या जवळ राहून राहून काशीरामांचे कान गेले. एकदम नाही. आधी त्यांना रानातल्या कुकडकोंबड्याची साद ऐकू येईना, मग राहीबाईंची हाक. एक दिवस गाडीनं पाठीमागून शिटी दिली तरी त्यांनी मान वळवली नाही. ड्रायव्हरनं गाडी थांबवून शिव्या दिल्या. त्याही त्यांना ऐकू आल्या नाहीत. ते हसून हात जोडत राहिले.

चावीवाल्याचे कान गेले हे कळलं असतं तर काम सुटलं असतं, खोलीही गेली असती. रेल्वेच्या डॉक्टरची कानाची तपासणी तीन-चार वर्षांनी एकदा व्हायची. राहीबाईंनी तोड काढली. पहाटे काशीराम निघाले की त्या दहा पावलं पुढं चालायच्या. डोक्यावर फाट्यांची मोळी, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं सरपण घेऊन चालली. मागून ठोका पडला की त्या ऐकायच्या. खणकन वाजलं तर चालत राहायचं. बद्द वाजलं तर थांबायचं. त्या थांबल्या की काशीराम खाली बसून घाव घालायचे. त्या पुन्हा चालू लागल्या की तेही पुढं.

"किती वर्षं?"

"तीन वर्सं आनि वर काय महिने. मोळी रोज तीच असायची. चुलीत घातली असती तर दुसऱ्या दिवशी डोक्यावर काय घेऊ?" एवढं बोलून त्या स्वतःच हसल्या. मग हसू गेलं. "तपासनीच्या आधी काम सोडून गावी यायचं ठरलं व्हतं आमचं. येकच वर्स काढायचं राहिलं व्हतं."

त्या हिवाळ्यात राहीबाईंना हिवताप आला. एका पहाटे उभंच राहवेना. काशीराम म्हणाले, एक दिवस काय होतंय, आणि एकटे गेले. परत येऊन वर्दी दिली की पट्टा ठीक आहे. पहिली गाडी सुखरूप वर गेली. दुसऱ्या गाडीचं एक चाक मोठ्या वळणावर रुळाखाली उतरलं. कुणाला खरचटलंही नाही, लोक खाली उतरून शिदोऱ्या सोडून खात बसले. पण बघतात तर वळणावरची एक चावी जागेवर नाही.

दोन गाड्यांच्या मधल्या वेळात त्या वळणावर एकच माणूस होता, दगड उचलायला पाठवलेला महादू. काशीरामांनीच त्याला गावाकडून नेऊन कामाला लावलं होतं, आणि सहा महिन्यांत तो कायम होणार होता. रुळाच्या चावीचं लोखंड चांगलं. लोहाराकडं दिलं तर उत्तम कोयता होतो, आणि असे कोयते आजूबाजूच्या गावांत होते हे साहेबांना माहीत होतं. त्यांनी रिकाम्या जागेकडं बोट दाखवून काशीरामांना विचारलं, पहाटे चावी जागेवर होती का? काशीराम म्हणाले, होती. ते खरंच होतं. घट्ट होती का, हा पुढचा प्रश्न साहेबांनी विचारलाच असेल, काशीरामांना तो ऐकू आला नाही, असं राहीबाई म्हणतात. मी त्यांना विचारलं, "ऐकू आला नाही, की—"

"मी पन तेच विचारलं त्यांना. खुनेनं. ते भिंतीकडं बघत बसले."

महादूला दुसऱ्या दिवशी काढलं. तो गावी पोचायच्या आधी नाव गावी पोचलं होतं.

पुढच्या पावसाळ्यात राहीबाई भारंगीची भाजी खुडायला वळणाखालच्या घळीत उतरल्या होत्या. तिथं पानांत चावी पडली होती. ढिली असणार, पहिल्या गाडीनं हादरून निसटली असणार. त्या ती पदरात बांधून घरी आल्या आणि ओट्यावर काशीरामांसमोर ठेवली. काशीरामांनी ती बराच वेळ हातात धरली. मग हातोडा घेतला, पावसातच गेले आणि पट्ट्यात एक जुनी झिजलेली चावी होती तिच्या जागी ती ठोकून आले. सरकारी वस्तू सरकारच्या जागेवर गेली. घरी येऊन एवढंच म्हणाले, मी हाय तोवर बोलायचं नाय.

"आनि मी नाय बोलले," राहीबाई म्हणाल्या. "गावी आलो. गावकीच्या बैठकीत हे पुढं बसायचे, मागून कोनतरी महादूला चावीचोर म्हनायचा. लोकांना वाटायचं, म्हातारपनी बहिरा झालाय, त्याला काय कळतंय. पन मी बाहेर बायकांत बसलेली असायची, मला तर ऐकू यायचं ना."

मी मनात देवाचं नाव घेतलं आणि म्हटलं, "चला, ऊन चढतंय."

महादूच्या अंगणात कुत्रं नव्हतंच. तो नांगराचं रुमणं तासत बसला होता. पन्नाशीच्या आतला माणूस, पण केस पांढरे. राहीबाईंना बघून त्यानं वाकस खाली ठेवला नाही. त्याची बायको येसूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली, तर तो म्हणाला, "बाईंना दे." तांब्या मला मिळाला. राहीबाई उभ्याच राहिल्या आणि उभ्यानं सगळं बोलल्या, मोळीपासून घळीतल्या चावीपर्यंत. येसूबाई मधेच रडायला लागली. महादू तासत होता. ढलप्या पायाशी पडत होत्या.

राहीबाई थांबल्या तेव्हा तो म्हणाला, "झालं?"

"झालं रे."

"मंग वयनी, मला कशाला सांगतेस? मी नाय घेतली हे मला ठाव हाय. पयल्या दिसापासून ठाव हाय."

"महादू, माझी चूक—"

"नवा कोयता केला का लोक विचारतात, कुठल्या गाडीचा रे? माझ्या पोराला शाळेत विचारलं. इचार बाईंना." त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली, कारण विचारलं होतं आणि मी ते पोरांचं भांडण म्हणून सोडून दिलं होतं. "इथं अंगनात येऊन सांगतेस. अंगनात कोन हाय? येशी हाय, कोंबड्या हायत. गावकीत सांग की."

"गावकीत बायकांनी बोलायचं नसतं, तुला ठाव हाय."

"मंग राहू दे. पालखी दत्ताराम उचलंल. त्याचे खांदे लई सोवळे."

येसूबाईनं दुसरा तांब्या आणला आणि नवऱ्याकडं न बघता राहीबाईंच्या हातात दिला. त्यांनी दोन घोट घेतले. महादू तासत राहिला. आम्ही निघालो.

उतरताना राहीबाई पुढं होत्या, मी मागं. खालून आंबेनळीच्या रस्त्यानं चढणाऱ्या ट्रकांचा आवाज येत होता. महादू कडू बोलला, पण खोटं बोलला नाही, असं मला वाटत होतं. त्यांना ते सांगावं की नको, याचा मी विचार करत होते. गावकीच्या भानगडीत मास्तरांनी पडू नये, असं मला रुजू होतानाच हेडमास्तरांनी बजावलं होतं. मुलांच्या हजेरीसाठी, देवळातल्या धान्यवाटपासाठी मला बैठकीत बोलावत, कोपऱ्यात खुर्ची देत. बायकांतली मी एकटीच आत. पण मी तिथं विचारलं तेवढंच बोलायची.

सपाट कातळ आला. या वेळी राहीबाई बसल्या नाहीत. वळून माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"महादूचं बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "मी अर्ध्या कोसावर येऊन आपलं मन हलकं करून चालले. त्याचं काय हलकं झालं?"

"पण तुम्ही आत जाणार कशा?"

"मी नाय. तुम्ही. तुम्हाला आत खुर्ची असते." त्यांनी माझा हात धरला. पहिल्यांदाच धरला असेल. "आज घरी गेल्यावर मी सांगते, तुम्ही कागदावर उतरा. माझा अंगठा घ्या. होळीच्या आदल्या बैठकीत उभ्या राहा आनि वाचा, दत्ताराम बसलेला असताना वाचा. मी बाहेर बायकांत बसते. कोन काय विचारंल तर बोट माझ्याकडं करा."

"राहीबाई, त्यात काशीरामभाऊंचं नाव येईल. गेलेल्या माणसाचं."

"त्याच्यासाठीच तुम्हाला सांगते. मी जन्मात त्यांचं नाव घेतलं नाय, आनि वाईटासाठी तर माझ्या तोंडून नको यायला." त्यांचा आवाज बारीक झाला, पण डोळे माझ्यावरच होते. "तुम्ही घ्या. आनि बापाच्या नावासकट, आडनावासकट पुरं घ्या, बाई. नुसतं पयलं नाव घ्याल तर गावात त्या नावाचे तिघं हायत, लोक दुसऱ्याच्या गळ्यात घालतील. वाचाल ना?"