दिवाळीनंतरची सावली

“आधी सावली दाखवा.”

आमच्या फाटकात उभं राहून तिने म्हटलेलं हे पहिलं वाक्य. नमस्कार नाही, विचारपूस नाही. एका हाताने डोक्यावरचा पदर पुढे ओढून कपाळावर धरलेला, डोळे बारीक केलेले आणि नजर थेट आमच्या गच्चीवर. मागे तिचा नवरा खांद्यावर शिडी घेऊन उभा होता. त्या दिवसांत तो बोललाच नाही.

“अहो ताई, आधी माल तर बघा,” मी म्हणालो.

“माल कुठं पळून चाललाय? सावली पळती. आधी सावली दाखवा.”

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांना घरात घ्यावं की फाटकातूनच वाटेला लावावं, हे चटकन ठरत नाही. मला तर ठरवायची सोयच नव्हती, कारण तिच्याशिवाय आमच्या कामाला हात लावायला अख्ख्या लातुरात कुणी तयार नव्हतं.

माझ्या वडिलांची, अण्णांची, सगळी उमर दाळमिलमध्ये गेली. मिलमध्ये उडालेली धूळ म्हातारपणी त्यांच्या छातीत बसली. दिवसरात्र नाकाला नळी आणि उशाशी हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन. ते मशीन चालायचं लाइटवर, आणि त्या दुष्काळाच्या उन्हाळ्यात नळाला पाणी नव्हतं तशीच लाइटही घडोघडी नसायची. लाइट गेली की मशीन शिट्टी मारायचं. शिट्टी झाली की आई सिलेंडरची चावी फिरवायची, मी नळी बदलायचो आणि अण्णा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून आमच्याकडे बघत राहायचे. सिलेंडर संपला आणि दुसरा आला नाही तर काय, हा प्रश्न घरात कुणी मोठ्याने विचारत नव्हतं.

म्हणून मी हैदराबादला जाऊन सोलरच्या प्लेटा, बॅटऱ्या, इन्व्हर्टर असं सगळं वेगवेगळ्या दुकानांतून स्वतः पारखून आणलं होतं. पारखून म्हणजे काय, गरजवंताला जेवढी अक्कल असते तेवढी लावून. आता बसवणारा मिळाला की झालं, असं वाटलं होतं. पण लातूरचे दुकानदार एका सुरात म्हणाले, “आमच्याकडून घेतलं असतं तर उद्याच बसवलं असतं. दुसऱ्याच्या मालाला आम्ही हात लावत नाही. उद्या काही जळालं तर बोल कुणाला?” एक जण घरी येऊन खोकी बघून गेला. चहा प्याला, चुकचुकला, आणि पुन्हा फोन उचलला नाही. प्लेटा बैठकीत भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. आईने त्यांच्यावर चादर टाकली. आलेले पाहुणे आडोशाला कुणी आजारी आहे की काय, असं समजून हळू आवाजात बोलायचे.

शेवटी सिलेंडर देणाऱ्या मेडिकलवाल्याने हिचं नाव सांगितलं. “निलंग्याकडची बाई हाय. कुणाच्याबी मालाला हात लावती. पण तोंड लई कडक, सांभाळून घ्या.”

तिचं तोंड कडक होतं, हे फाटकातच कळलं होतं. मी विचारलं, “दुसऱ्याचा माल बसवायला तुम्ही कशा तयार होता?” तर म्हणाली, “अवो, बाळंतीण माहेरी हाय का सासरी, हे बघून सुईण थांबती व्हय?”

पण पिशवी उघडायच्या आधी तिने मला अण्णांच्या पलंगासमोर उभं केलं. “माल तुमचा, हात माझा. माल बिघडला तर माझ्या नावानं शिमगा करायचा न्हाई. हात चुकला तर मी हाय. बोला, मंजूर?”

मी काही बोलायच्या आत अण्णाच नाकातली नळी सावरत म्हणाले, “मंजूर हाय, बाई.”

“झालं मग. मालक बोलले,” ती म्हणाली. घराचा मालक अजूनही कोण आहे, हे तिने असं एका वाक्यात मला दाखवून दिलं. अण्णा कितीतरी दिवसांनी हसले.

माझा माल तिने एकेक करून उघडला. प्लेटा पाठीमागून बघितल्या, बॅटऱ्यांना कान लावल्यासारखी वाकून बसली. “माल बरा हाय,” म्हणाली. मी जरा छाती फुगवली. तेवढ्यात तिची नजर लोखंडी स्टँडवर गेली. “ह्यो कुणी गळ्यात मारला तुमच्या? ह्याच्यावर जत्रंतला पाळणा बी उभा राहायचा न्हाई.” नवरा मुकाट्याने उठला आणि लोखंड आणायला गेला.

खरा पेच गच्चीवर होता.

जिल्हा नवा झाला त्या सुमारास, गावात मिल वाढत होत्या तेव्हा, अण्णांनी हे घर बांधलं. नळ आला तेव्हा गच्चीच्या दक्षिणेच्या कोपऱ्यात विटांचा ओटा करून त्यांनी स्वतःच्या हाताने टाकी बसवली होती. त्या उन्हाळ्यात ती कित्येक महिने कोरडी होती. तरी आई रोज सकाळी स्वयंपाकघरातला नळ सोडायची, त्यातून नुसती हवा आली तरी जरा वेळ ऐकायची, आणि बंद करायची. टँकरचं पाणी खाली बॅरलमध्ये होतं. टाकी मात्र तिने आतून पुसून, झाकण लावून ठेवली होती.

“टाकी हलवावी लागती,” सोलरवाली बाई म्हणाली. “तिकडं जिन्याच्या खोलीपल्याड न्यायची.”

“टाकी जागची हलायची न्हाई,” आई म्हणाली.

“मावशी, सावली पडती तिची.”

आम्ही तिघंही खाली बघू लागलो. भर दुपार होती. सावली टाकीच्या बुडाशी दडून बसली होती. मी म्हणालो, “ताई, सावली आहे कुठे?”

तिने पिशवीतून खडू काढला. टाकीपासून पावलं टाकत गच्चीच्या मधोमध आली, जिथे प्लेटा बसवायच्या होत्या तिथे, आणि वाकून फरशीवर एक गोल ओढला. “हितं. आत्ता न्हाई, दिवाळीनंतर. सूर्य खाली उतरला की टाकीची सावली हितवर येती. एका प्लेटीवर सावली आली की बाकीच्या बी सुस्तावत्यात. मग बॅटरी भरत न्हाई.”

“टाकीची नळी कापावी लागंल,” आई म्हणाली. तिचा आवाज चढला होता. “कोरडी असली म्हणून काय झालं? असल्या सालात पाण्याची वाट कापायची असती का कुठं? आन् उद्याच पाणी सुटलं तर?”

मी मध्ये पडलो. “राहू द्या हो ताई. दिवाळी लांब आहे. तेव्हाचं तेव्हा बघू.”

हे मी टाकीपुरतं बोललो नव्हतो. दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टर मला म्हणाले होते, “पावसाळ्यापर्यंत बघू.” मी ते घरी सांगितलं नव्हतं. आईला सांगायची गरजही नसावी. तिने त्या वर्षी लोणचं घातलं नव्हतं. कैऱ्या बाजारात येऊन संपत आल्या, तरी तिने विषय काढला नाही. आमच्या घरात महिन्यापुढचं बोलणंच बंद झालं होतं.

बाई कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली. “दिवाळी लांब हाय म्हणून काय झालं? अण्णा तवा बी हाईतच की. का त्यास्नी उन्हाळ्यापुरतीच लाइट द्यायची?”

आई त्या खडूच्या गोलाकडे बघत राहिली.

तेवढ्यात खालून शिट्टी वाजली.

आम्ही कसे खाली आलो ते मला आठवत नाही. चावी घट्ट बसली होती. आई दोन्ही हातांनी जोर लावत होती, अण्णांचे ओठ काळे पडायला लागले होते, आणि मी नळी धरून नुसताच “फिरव, फिरव” म्हणत होतो. चावी एकदाची फिरली. अण्णांची छाती हळूहळू खाली बसली. बाई दारात हातात पाना घेऊन उभी होती, लागलाच तर असावा म्हणून. तिच्या कपाळावरून घाम गळत होता आणि ती तो पुसत नव्हती.

आई उठून स्वयंपाकघरात गेली. त्या वर्षी कुणी कुणाच्या घरी पाणी मागत नव्हतं. येणारा आपली बाटली घेऊन यायचा, बाईनेही आणली होती. आईने तांब्याचा मोठा पेला काठोकाठ भरून आणला आणि तिच्या हातात दिला.

“पी बाई,” ती म्हणाली. “आन् काप ती टाकीची नळी.”

संध्याकाळी आईने मला बाजारातून कैऱ्या आणायला सांगितल्या. शेवटच्या, जरा पिकायला लागलेल्या मिळाल्या. मला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं, हे खरं सांगतो. पडलो नाही, कारण तिने काहीतरी टोमणा मारला असता.

टाकी हलली. “नळाचं काम माझं न्हाई,” असं म्हणत म्हणत तिनेच नवी नळी जोडली. प्लेटा बसल्या, तारा खाली आल्या. मग ती म्हणाली, “आता मेन मी पाडणार.”

“अण्णा मशीनवर असताना?” मी ओरडलोच.

“मग कुणावर बघू? मावशी, तुम्ही चावीला हात लावून बसा. शिट्टी वाजली तर फिरवा. वाजली न्हाई तर कुणी हलायचं न्हाई.” आणि अण्णांना विचारलं, “अण्णा, तयार हाव का?”

अण्णांनी मान हलवली. तिने मेन पाडला.

पंखा मंदावला आणि थांबला. मशीन क्षणभर दचकलं. आम्ही सगळे श्वास रोखून बसलो होतो. खोलीत श्वास घेत होते ते एकटे अण्णाच. मशीनची घरघर सुरूच राहिली. शिट्टी वाजली नाही. अण्णांनी डोळे मिटून तो आवाज ऐकला, मिलमध्ये पट्ट्यावरचं यंत्र सुरू झालं की ऐकत असत तसा, आणि म्हणाले, “पट्टा चढला.”

आई चावीवरचा हात काढायला बराच वेळ तयार नव्हती. बाईने जाऊन तो सोडवला.

निघताना तिने बजावलं, “प्लेटा ओल्या फडक्यानं पुसायच्या, पाणी ओतायचं न्हाई. दिवाळीनंतर येते सावली बघायला. अण्णा, माझ्या वाटचा चिवडा ठेवा.”

“तू ये तर,” अण्णा म्हणाले.

पुढे पाऊस आला, आणि आला तो असा, की नदीनाले ओसंडून वाहिले. एका सकाळी आईने सवयीने नळ सोडला आणि ओरडली. जिन्याच्या खोलीपल्याडची टाकी भरत होती. अण्णा वाळले होते, पण होते. मधूनमधून बाईचा फोन यायचा. तो अण्णाच घ्यायचे. “सावली कुठवर आली?” ती विचारायची. “यायलीय, यायलीय,” अण्णा सांगायचे. नवरात्रानंतर तिचा फोन आला नाही. कामात असेल, असं आम्ही धरून चाललो.

दिवाळी झाली. चिवड्याचा डबा अण्णांनी उशाशी ठेवून घेतला होता. कुणाला हात लावू देत नव्हते.

एका दुपारी फाटक वाजलं. “आली का?” अण्णांनी आतून विचारलं. मी बाहेर गेलो. तिचा नवरा उभा होता. एकटाच, खांद्यावर शिडी. मी त्याच्या मागे रस्त्याकडे बघितलं. त्यानेही वळून तिकडे बघितलं आणि मग तो आमच्या गच्चीकडे डोळे लावून म्हणाला, “आधी सावली दाखवा.”

मी त्याचा आवाज पहिल्यांदाच ऐकत होतो.

जिना चढताना त्याने सांगितलं. पावसानंतर त्यांच्या गावात पाणी आलं, पण गढूळ. त्या पाण्याने घरोघर कावीळ झाली. तिलाही झाली. अंगावर काढली, कारण हातात कामं होती. “सांगून गेली,” तो म्हणाला, “लातूरची सावली बघायची राहिलीय.”

गच्चीवर मवाळ, तिरपं ऊन होतं. खडूचा गोल पावसाने केव्हाच धुऊन नेला होता. तो जुन्या ओट्यावर चढला, जिथे पूर्वी टाकी होती तिथे, आणि प्लेटांकडे बघत उभा राहिला. अण्णांना खाली जाऊन काय सांगायचं, डब्याचं काय करायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

जिन्यातून आईची हाक आली, “हे विचारायलेत, सावली पडती का म्हणून.”

पहिल्या प्लेटेवर त्याचीच सावली पडली होती. ती त्याच्याही ध्यानात आली. तो ओट्यावरून खाली उतरला, बाजूला सरकला, आणि खाली ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

“न्हाई मावशी. समदं ऊन हाय.”