दिवा मोठा करणारे सिद्रामकाका

१९७६, डिसेंबरचा दुसरा रविवार. स्थळ सोलापूर, सात रस्त्याजवळचं काकांचं घर. हजर: सिद्रामकाका, काकू, मी आणि रत्नागिरीकडून आलेले गणपतराव. काका कोकणातल्या एका दीपगृहाचे निवृत्त रखवालदार, गणपतराव त्यांच्या हाताखाली तयार झालेले. विषय एकच होता, काकांनी लिहिलेला त्या दीपगृहाचा इतिहास छापायचा की नाही. काकांची-माझी ती शेवटची भेट. जानेवारीत ते झोपेतच गेले...

मैंदर्गीच्या ज्वारीच्या रानात वाढलेल्या काकांनी समुद्र पाहिला तो थेट नोकरीवर रुजू होताना. आमच्या घरात अर्धं बोलणं कानडी. 'दिवा विझव' असं आम्ही तोंडातून काढत नाही, अशुभ वाटतं. कानडीतल्यासारखं 'दिवा मोठा कर' म्हणतो. काकांच्या पहिल्याच संध्याकाळी समुद्रावर पाऊस दाटून आला आणि तिथल्या जुन्या म्हाताऱ्या रखवालदाराने खालून हाक दिली, "दिवा मोठा कर रे!" काकांनी तत्परतेने बत्ती बंद केली. म्हातारा धापा टाकत वर आला. "अरे, मोठा कर म्हटलं होतं!" "मोठाच केला की!" बत्ती लगेच पुन्हा पेटली, नुकसान काही झालं नाही, पण दोघांनी तिथेच बोली ठरवून टाकली. उजेड वाढवायचा तर 'चढव', सकाळी बंद करायचा तर 'मोठा कर'. पुढे तिथे आलेले सगळे कोकणातले लोकही तेच म्हणू लागले.

निवृत्तीनंतर काकांनी इतिहास लिहायला घेतला, तोही नोकरी केली तशाच शिस्तीने. त्या टोकाखालच्या खडकांवर गलबतं फुटायची म्हणून गावकरी आधी टेकडीवर गवताच्या पेंढ्या पेटवत. मग मनोरा बांधायचं ठरलं, पण दगड होड्यांतून आणायचे आणि लाटांमुळे होडी किनाऱ्याला लागायची नाही. समुद्र शांत असेल तेवढेच महिने काम चाले. हे सगळं काकांनी म्हाताऱ्या नाखव्यांना विचारून, एकाचं दुसऱ्याशी ताडून मगच लिहिलं. नवी पेठेत भेटेल त्याला थांबवून ते सांगत. लोक विचारत, "सोलापुरात कशाला हवा समुद्र?" काका म्हणत, "ऐकायला कर लागतो व्हय?"

छापणार होतं दीपगृहाचं कार्यालय. गणपतराव निरोप घेऊन आले होते. काकांना ते अण्णा म्हणत. "अण्णा, साहेब म्हणतात सगळं छान आहे, फक्त 'दिवा मोठा केला' तेवढं काढू या. वाचणाऱ्याला वाटेल, सकाळी उजेड वाढवतात की काय! आणि हा शब्द तिकडचा नाही."

"तू रोज सकाळी काय म्हणतोस?"

"मोठा केला, असंच."

"तुझी पोरं?"

"तीही तेच."

"मग शब्द कुटला?"

गणपतराव हसले. "तिथलाच झाला म्हणायचा."

"तर मग साहेबांना सांग, शब्द काढायचा तर लिखाण परत पाठवा." काकांनी हे सांगितलं खरं, पण इतक्या वर्षांची मेहनत होती आणि ती छापलेली बघायची त्यांना फार इच्छा होती. मी मध्ये पडले, एका शब्दासाठी कशाला ताणता म्हणून. ते म्हणाले, "अगं, तितं राहणाऱ्यांचा इतिहास त्यांच्याच बोलीत नको?"

काका गेल्यावर तीन आठवड्यांनी पुस्तिका आली. शब्द जागच्या जागी होता, तळाशी एका ओळीत अर्थ. साहेबांसमोर गणपतराव हटून बसले होते, असं मागाहून कळलं. मैंदर्गीचा एक शब्द कोकणातल्या दीपगृहाच्या इतिहासात छापून आला. याचा मला जेवढा अभिमान वाटतो, तेवढा घरातल्या कुणाच्या पदवीचाही वाटला नाही.

पुस्तिका मी काकूंना पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून दाखवली. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या,

"लई चांगलं लिवलंय. पर त्या भिंगावर खाऱ्या वाऱ्याचा थर बसायचा, त्यो पुसायला गोडं पाणी लागायचं. खालच्या इहिरीवरनं त्ये वर कोन चढवायचं?"

"तुम्ही?"

"मी, आन् माज्या आदी दुसऱ्यांच्या बायका. आमी कुटं हाय ह्यात?"

मी पानं पुन्हा चाळली. नव्हत्याच कुठे. गणपतरावांना कळवलं, त्यांनी लगेच उत्तर दिलं, लिहून पाठवा, पुढच्या छपाईत जोडू. काकूंसमोर लिहायला बसले की त्या म्हणतात, "आदी जेव." मग बोलणं पाण्यावरून विहिरीवर, विहिरीवरून मैत्रिणींवर जातं आणि मी ऐकतच राहते. ते प्रकरण अजून लिहायचं आहे.