मंगळवारचा भोंगा

ओटार बाक्केनचं डोकं सोमवारी संध्याकाळीच तापायला लागायचं, कारण उद्या मंगळवार. सोमवारी अख्खं नॉर्डविक गाव कपडे धुणार, मंगळवारी इस्त्री करणार. हा नियम कुणी केला देव जाणे, पण बायका चर्च चुकवतील, मंगळवारची इस्त्री चुकवणार नाहीत. गावाच्या वीजघरात माणूस एकच, तो ओटार. बॉयलरमध्ये कोळसा तोच टाकणार, इंजिनाला तेल तोच देणार, शिव्याही त्यानेच खायच्या.

जनरेटर जुना, हट्टी म्हाताऱ्यासारखा. दिव्यांच्या होल्डरला इस्त्र्या लागल्या की व्होल्टेज बसायचं. मग ओटारने विजेच्या फळ्यावरचं, व्होल्टेज कमी-जास्त करायचं चाक फिरवून ते वर चढवायचं. इथवर ठीक. पण बाराला साऱ्या बायका एकदम इस्त्र्या काढत. भार गेला, चाक मात्र चढवलेलंच, की व्होल्टेजचा काटा उसळलाच वर! अमेरिकेतल्या डाकोटाच्या अंधाऱ्या जानेवारीत दुकानांत, शाळेत भरदिवसा दिवे लागलेले असायचे, ते फटाफट उडायचे. शेजारच्या गावात नवं यंत्र होतं. त्यात तारेचं एक जास्तीचं वेटोळं होतं, भार वाढो की कमी होवो, ते आपलं आपण सांभाळून घ्यायचं. ओटारने तसं मागितलं, पंचांनी नाही म्हटलं. मग हाताखाली एक माणूस मागितला. तीन वर्षं मागत होता.

"माणूस कशाला? चाक तर एकच आहे," नगराध्यक्ष आन्फिन त्वाईट म्हणायचे. त्यांचं किराण्याचं दुकान होतं आणि बल्ब सगळ्यात जास्त तिथलेच उडायचे. गेल्या मंगळवारी पुन्हा उडाले, तेव्हा त्यांनी बजावलं, "आणखी एकदा उडाले ना ओटार, तर फार्गो शहरातून दुसरा माणूस आणतो. वीजघरामागची खोली रिकामी करायची तयारी ठेव."

त्याच खोलीत ओटारचा संसार होता. भर हिवाळ्यात जायचं कुठे?

"या बायका मुद्दाम करतात," सोमवारी रात्री तो बटाटे चिवडत कुरकुरला. "सगळ्यांनी एकाच क्षणी प्लग उपटायचे! कट आहे माझ्याविरुद्ध."

"कट कसला डोंबलाचा!" त्याची बायको गुनहिल्ड भडकली. "बाराचा भोंगा झाला की नवरे जेवायला येतात. मग इस्त्री ठेवायची नाही तर काय? आणि भोंगा कोण वाजवतं? तूच ना!"

ओटारचा घास हातातच राहिला. खरंच की, भोंगा तर आपल्याच हातात! भोंग्याची दोरी बॉयलरपाशी, चाक पलीकडच्या खोलीत. दोरी ओढून तो चाकाकडे पळायचा, तोवर काटा वर गेलेला असायचा. मागे एकदा आधीच व्होल्टेज उतरवून ठेवलं, तर इस्त्र्या गार पडल्या म्हणून पाद्रीणबाईंचा फोन. एकदा दोरी लांबवून चाकापर्यंत आणली, तर ती वाफेने भिजून थंडीत गोठली. भोंगा बंदच होईना आणि गाव आग लागली म्हणून बादल्या घेऊन धावलं. माणसाने करावं तरी काय?

"मग उद्या भोंगाच नाही," ओटार म्हणाला. "बघू कशा उडतात बल्ब!"

मंगळवारी बारा वाजले. ओटार चाक धरून उभा. काटा एकशे दहावर गप्प. गावात घड्याळं होती, पण विश्वास भोंग्यावर. धान्याच्या कोठारावरची माणसं पोती उचलत राहिली, शाळेतली पोरं बाकांवर चुळबुळत राहिली, बायका इस्त्री फिरवत राहिल्या आणि चुलीवरचा मासा करपला. बल्ब मात्र एकही उडाला नाही. कितीतरी महिन्यांनी ओटार गालात हसला.

कोळसा टाकायला तो बॉयलरपाशी आला, तेवढ्यात दार धाडकन उघडलं. आन्फिन त्वाईट, नाक लाल, पोटात कावळे. मागे डबा घेऊन गुनहिल्ड.

"अरे मेलास काय? सव्वाबारा झाले! गाव उपाशी बसलंय!"

"अध्यक्ष, बल्ब वाचवले मी..."

"बल्ब घाल चुलीत! भोंगा वाजव आधी!" म्हणत ते स्वतःच दोरीकडे धावले.

"थांबा! मला चाकापाशी..." ओटार पलीकडच्या खोलीत पळाला. भोंगा कोकलला. गावभर इस्त्र्या दिव्यांच्या होल्डरमधून सुटल्या. काटा उसळला, पण या वेळी ओटारचा हात चाकावर होता. फिरव, आणखी फिरव... काटा थरथरला आणि एकशे दहावर येऊन बसला.

बाहेरच्या खिडक्यांतले सगळे दिवे शाबूत.

आन्फिन फळ्यापाशी आले. काट्याकडे बघितलं, खिडकीबाहेर बघितलं आणि छाती फुगवली.

"बघितलंस? एकही गेला नाही. डोक्यावर कुणी उभं असलं की बरोबर जमतं तुला. आळशी लेकाचा!"

ओटारच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसरा माणूस हवा, तीन वर्षं हेच तर सांगत होतो! त्याने तोंड उघडलं, पण गुनहिल्ड मध्येच बोलली, "अगदी खरं अध्यक्ष. तुम्हीच येत जा दर मंगळवारी. दोरी तुम्ही ओढा, म्हणजे हा नीट काम करतो की नाही तेही दिसेल. तुमच्याशिवाय कुणाचं ऐकत नाही हा."

"येईन की! गावासाठी एवढंही करायचं नाही?"

ते गेल्यावर ओटार तिच्यावर उसळला. "तूसुद्धा? आळशी मी?"

"माणूस मागत होतास ना? मिळाला. बिनपगारी. खोलीही राहिली. खा आता."

डब्यातले बटाटे गार झाले होते. त्याने ते रागारागाने संपवले.

त्यानंतर दर मंगळवारी बाराला आन्फिन कोट सावरत यायचे. त्यांनी ओटारला वठणीवर आणलं, असं गावभर झालं. दोरी ओढता ओढता ते पलीकडून ओरडायचे, "काटा बघ रे ओटार!"

"बघतोय, अध्यक्ष," दातओठ खात ओटार म्हणायचा आणि चाक फिरवायचा.