एक कागदी कप मागव ना

"एक कागदी कप मागव ना गं," वहिनी म्हणाल्या. "तुझं जर्मन चांगलं आहे."

मी मागवला. माझ्याच तोंडानं. कुणासाठी, ते विचारलंसुद्धा नाही. वाटलं, कुणाच्या तरी पोराला दूध द्यायचं असेल.

बाल्टिकच्या काठावरचं ते हॉटेल. कुठल्याशा ड्यूकनं समुद्रस्नानाला यायचं म्हणून बांधलेली पांढरीशुभ्र, जुनी इमारत. असल्या ठिकाणी कागदी कप कुठला असायला? वेट्रेस बिचारी नोकरांच्या कॉफी मशीनपाशी जाऊन एक घेऊन आली. वहिनींनी त्यात चहा ओतला आणि बोटाच्या टोकानं टेबलावरून सरकवला. माझ्या आईपुढं.

बाकी सगळ्या बायकांच्या हातात सोनेरी काठाचे चिनी मातीचे कप.

दोन हजार सात-आठची गोष्ट. इंगोलश्टाटला गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीत मी इंजिनिअर होते. सर माझे टीमलीडर, पुण्याचे. वहिनी त्यांच्या मिसेस. जानेवारीत कंपनीनं सगळ्या टीमला घरच्यांसकट त्या हॉटेलात नेलं. आई तेव्हा परभणीहून माझ्याकडं आलेली. तिनं जन्मात समुद्र बघितला नव्हता. इरकल लुगडं, वर माझं जाडजूड जॅकेट, पायात लोकरी मोजे. खोलीच्या खिडकीशी उभी राहून म्हणाली, "येवढं पानी, माय! आन् कुनी वाटून नाही घेतलं?" तिला त्या हॉटेलात पाहुणी म्हणून बसवायचं, एवढंच मला हवं होतं. चार दिवस हिनं कुणाचं काही उचलायचं नाही, कुणाला वाकायचं नाही.

दोन वर्षं मी सरांच्या घरी जेवत होते. वहिनींच्या हातचं थालीपीठ, गणपतीतले मोदक, सगळं. माझ्या आडनावाला शेवटी 'कर'. त्यावरून त्यांनी आपापलं काय ते ठरवून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉबीत सर आईला म्हणाले, "नमस्कार काकू."

आई म्हणाली, "जय भीम दादा."

झालं! सरांचे जोडलेले हात तसेच राहिले. वहिनींनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच बघत होत्या जशा काही.

दुपारी संक्रांतीचं हळदीकुंकू. वहिनींनी आधीच ठरवलेलं, जर्मन बायकांना आपली संस्कृती दाखवायची. समुद्राकडच्या काचेच्या दालनात सगळ्या बसल्या. मध्ये शेफची बायको. इथं शेफ म्हणजे साहेब, सरांचेही साहेब. वहिनी मराठीत सांगणार, मी जर्मनमध्ये. वहिनींनी सगळ्यांना कुंकू लावलं, आईला सोडून पुढं गेल्या. आई हळूच म्हणाली, "बरंच झालं, आपन लावतच नाही." मग तिळगूळ. प्रत्येकीच्या तळहातावर हात टेकवून दिला. आईच्या हातावर वरून टाकला. एक लाडू घरंगळला, गालिच्यावर गेला. आईनं वाकून उचलला.

वाकली ती. तिथंच माझं टाळकं सरकलं. आणि मग तो कप आला, कुंकवाआधीच मागवून ठेवलेला.

शेफच्या बायकोनं कपाकडं बघितलं आणि मला विचारलं, "हाही रिवाजाचाच भाग का?" टोमणा नव्हता. बाई खरंच शिकायला बसली होती.

"काय म्हणतायत त्या?" वहिनी घाईनं म्हणाल्या. "सांग, काकूंना गरम कप धरवत नाही."

गरम! चुलीतला इंगळ हातानं मागं सारणारी बाई माझी आई.

मी सांगितलं. आधी वहिनींचं, जसंच्या तसं. मग म्हणाले, "हे खोटं आहे. आमची जात यांना चालत नाही. आम्ही शिवलं की वस्तू बाटते, असं हे लोक मानतात. माझ्या आईचे ओठ लागलेल्या कपातून यांना प्यायचं नाही. आणि कप तर यांचा नाहीच, हॉटेलचा आहे."

मग शेफच्या बायकोनं नॅपकिन उचलला आणि स्वतःच्या कपाळावरचं कुंकू पुसून टाकलं.

"अगं बाई!" वहिनी किंचाळल्या. सवाष्णीनं कुंकू पुसलं ना! तेही सणाच्या दिवशी. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? पोटभर आनंद झाला.

वहिनी रडायला लागल्या. "आमच्या घरचं खाल्लंस, आणि हे पांग फेडलेस?"

"खाल्लं की. भरपूर खाल्लं. तेव्हा कुठं गेला होता तुमचा विटाळ?"

त्यांच्या पुढ्यातला कप मी बशीसकट उचलला आणि आईला दिला. तिला जर्मन कळलं नव्हतं, पण बाकी सगळं कळलं होतं. तिनं चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि फुर्रकन आवाज करत संपवला. वहिनींकडं बघत.

सोमवारी सरांनी मला ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये गाठलं. आवाज अगदी खाली. "हे आपलं घरातलं असतं. परक्यांपुढं काढायचं नसतं."

"घरातलं? आम्हाला घरात कधी घेतलंत, सर?"

ते इकडंतिकडं बघायला लागले. मग म्हणाले, "मार्चमध्ये पुण्याची मंडळी येतायत मीटिंगला. दुभाषी म्हणून दुसरं कुणी बघू या का? तुला उगाच त्रास."

"शेफनी मलाच सांगितलंय."

"अगं, पण..."

"मी बसणार, सर. या मीटिंगला बसणार, पुढच्या सगळ्या मीटिंगांना बसणार. तुम्ही जे बोलाल ते शेफना सांगेन. आणि जे मराठीत दाबायला बघाल, ते आधी सांगेन."