‘दवा लागली’ म्हणजे काय

कापसाच्या पडत्या वर्षांत अकोल्याला शेतकऱ्यांना फोनवर सल्ला देणारा एक प्रकल्प सुरू झाला. तिथे मला काम मिळालं. मी अमरावतीच्या वकिलाची मुलगी. शेजारच्या खुर्चीवर बाळापूरहून एसटीने येणारी, माझ्यासारखीच कम्प्युटर शिकलेली मैत्रीण. तिच्या घरी उर्दू, बाहेर वऱ्हाडी. आलेल्या फोनांचं बोलणं टाइप होऊन आमच्यापुढे यायचं आणि आम्ही त्याला लेबल लावायचो: कीड, खत, औषधाचं प्रमाण, विषबाधा.

लेबल लावलेले फोन मूठभर, न लावलेले ढीगभर. म्हणून प्रकल्प चालवणाऱ्या सरांनी ठरवलं, मशीनने, म्हणजे कम्प्युटरच्या प्रोग्रामने, आमच्या मूठभरांवरून बोलण्यातले शब्द ओळीने वाचून लेबल ओळखायला शिकावं, उरलेल्या ढिगावर स्वतः अंदाज लावावा, आणि ज्या अंदाजाची त्याला खात्री वाटेल तो खरा धरून त्यावरच पुन्हा शिकावं. कल्पना मलाही आवडली होती.

एका दुपारी मैत्रिणीने ढिगातले काही फोन उघडून पाहिले. फवारताना विष अंगात भिनलं की आमच्याकडे ‘दवा लागली’ म्हणतात. एकराला किती औषध हवं हे विचारतानाही ‘दवा किती लागंल’ असंच म्हणतात. हे दुसरे फोन रग्गड; पहिले आमच्या लेबलांत जेमतेम. मशीनने जिथे तिथे ‘औषधाचं प्रमाण’ लिहून ठेवलं होतं, आणि दर फेरीला ते आपल्याच अंदाजावर शिकून अधिक ठाम होत होतं.

आम्ही दोघी सरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. तपासणीसाठी बाजूला ठेवलेल्या फोनांवर निकाल उत्तम येतोय, असं म्हणाले. त्या फोनांतही दवा लागलेली माणसं नाहीतच, हे मैत्रिणीने सांगून पाहिलं.

“उद्घाटन ठरलंय,” सर म्हणाले. “एका शब्दासाठी थांबता येणार नाही.”

उद्घाटन झालं; आता मशीन स्वतः लावलेल्या लेबलाप्रमाणे फोन करणाऱ्याला आपोआप सल्ल्याचा मेसेज पाठवणार होतं. हार झाले, भाषणं झाली. पुढे फवारणीच्या दिवसांत एका सकाळी भातकुलीकडचा आदल्या दिवशीचा फोन माझ्यासमोर आला. एक बाई सांगत होती की नवऱ्याला दवा लागली, डोळ्यांपुढे दिसत नाही. मशीनने तिला तत्काळ मेसेज धाडला होता: पंपाला किती औषध घालायचं, त्याचा.

मैत्रिणीने तो नंबर लावला. बाई अमरावतीला दवाखान्यात होती. नवरा वाचला होता, नजर मात्र अजून धूसरच होती. मेसेज पोरीने वाचून दाखवला, असं तिने सांगितलं.

“तेवढीच दवा तं मारली होती त्याईनं,” ती म्हणाली. “मले वाटलं, तुमाले आयकू नाई आलं का काय.”

मैत्रीण म्हणाली, “आयकू आलं होतं, ताई.”

सरांनी तो फोन ‘विषबाधा’त टाकायला सांगितला. मशीनच्या स्वतःच्या लेबलांपुढे हे एक लेबल काय करणार होतं? हंगाम संपेपर्यंत असे फोन आम्ही हाताने वेचून उलट फोन करत राहिलो, सरांना न विचारता. किती सुटले, कुणास ठाऊक. नंतर मैत्रिणीने नोकरी सोडली; का सोडतेस, असं सरांनी विचारलंदेखील नाही. त्यांचा या कामावरचा शोधनिबंध एका परिषदेत गाजला. इतक्या थोड्या लेबलांत एवढं मोठं काम झालं, याचं तिथे कौतुक झालं म्हणतात.